उंदराच्या गर्भाशयातली गाठ आणि भेंडी चिरायची पद्धत

हा या एपिसोडचा लिखित अवतार. ‘अं’, ‘म्हणजे कसंय ना’ वगैरे जमेल तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय. ऑडिओत मागे जी सततची घरघर आहे तो वारज्याचा हायवे. खिडकी लावली तरी तो घरात येतोच.

आजचा विषय ऐकून अर्धे लोक स्किप करतील, म्हणून आधीच सांगते. विषय आहे प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या गर्भाशयात होणाऱ्या गाठी, त्या मायक्रोस्कोपखाली कशा दिसतात आणि त्यांचं निदान कसं करतात. आता स्किप का करू नये? एक म्हणजे, तुम्ही आत्ता हातात धरलेल्या फोनच्या आत जो हिरवा बोर्ड आहे, त्यातल्या एका रसायनाबद्दल जगाला जे कळलं ते याच गाठींमुळे कळलं. आणि दुसरं म्हणजे, आपल्या प्रत्येकाच्या घरात आई, मावशी, काकू अशी कोणीतरी आहे जिच्या ‘पिशवीत गाठ’ निघाली होती. तिच्या रिपोर्टवरचे शब्द आणि उंदराच्या रिपोर्टवरचे शब्द बरेचसे तेच असतात.

मी पॅथॉलॉजिस्ट नाही, बीटेक आहे. आमची टीम काचेच्या स्लाइड्स स्कॅन करून कॉम्प्युटरवर बघायचं सॉफ्टवेअर बनवते. गूगल मॅप्ससारखं समजा, झूम करत करत पेशीपर्यंत जाता येतं. नखाएवढा ऊतीचा तुकडा स्कॅन केला की ऐंशी हजार बाय साठ हजार पिक्सेलचं चित्र तयार होतं. आमच्याबरोबर एक व्हेटर्नरी पॅथॉलॉजिस्ट मॅडम काम करतात, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या. या एपिसोडमधलं जीवशास्त्र मी त्यांच्या शेजारी बसून शिकलेय.

हे काम आपल्यापासून लांब कुठेतरी चालतं असंही नाही. वारज्यातून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत मुळशीकडे गेलात की उरवडे लागतं. तिथे इनटॉक्स नावाची प्रयोगशाळा औषधं आणि रसायनांच्या विषारीपणाच्या चाचण्या करते. इकडे सिंहगड रस्त्याला वडगाव खुर्दलाही अशीच एक प्रयोगशाळा आहे. ठाण्याची आयरा मॅट्रिक्स ही कंपनी अशा चाचण्यांतल्या स्लाइड्स वाचायला मदत करणारं एआय बनवते. २०११ पासून भारत ओईसीडीच्या परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सभासदासारखा धरला जातो. म्हणजे नियमाप्रमाणे इथे केलेली चाचणी युरोप-अमेरिकेत परत करावी लागत नाही. त्यामुळे मुळशीत कापलेल्या ऊतीवर पॅरिसमधला अधिकारी निर्णय घेऊ शकतो.

आता उंदराकडे वळू. आधी भाषेची एक अडचण सोडवते. रॅट आणि माऊस हे दोन वेगळे प्राणी आहेत, आपण मराठीत दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो. आज मी ‘उंदीर’ म्हणेन तेव्हा रॅट समजा, पाव किलोच्या आसपासची पांढरी मादी. माऊसबद्दल बोलायचं असेल तर ‘माऊस’च म्हणेन.

बाईचं गर्भाशय उलट्या धरलेल्या पेरूसारखं असतं. उंदराच्या मादीचं तसं नसतं, ते वाय अक्षरासारखं असतं. दोन लांब नळ्या, त्यांना शिंगं म्हणतात. प्रत्येक शिंगात पिल्लं ओळीने वाढतात, शेंगेतल्या दाण्यांसारखी. दोन्ही शिंगं खाली गर्भाशयमुखापाशी एकत्र येतात, पण आतली वाट तिथेही काही अंतर वेगळीच राहते. हा लांबट, नळीसारखा आकार लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्यातच आहे.

नळीची भिंत मात्र आपल्यासारखीच. सगळ्यात आत अस्तर, त्यात पेशींची एक सलग रांग आणि तिच्याखाली भरावाची मऊ ऊती. या भरावाला स्ट्रोमा म्हणतात आणि त्यात ग्रंथी रुतलेल्या असतात. अस्तराच्या बाहेर स्नायू, दोन थरांत: आतला गोल फिरणारा, बाहेरचा उभा. त्याच्याही बाहेर पातळ आवरण. गाठ कुठल्या थरातल्या पेशींपासून निघाली यावरून तिचं नाव ठरतं. ग्रंथींच्या पेशींपासून निघाली आणि सौम्य असेल तर अ‍ॅडेनोमा, घातक असेल तर अ‍ॅडेनोकार्सिनोमा. भरावापासून निघाली तर स्ट्रोमल पॉलिप किंवा स्ट्रोमल सार्कोमा. स्नायूपासून निघाली तर लिओमायोमा, म्हणजे आईच्या सोनोग्राफीत लिहितात तो फायब्रॉइड. तिचं घातक रूप लिओमायोसार्कोमा. रक्तवाहिन्या आणि नसा यांच्याही गाठी होतात, पण क्वचित.

स्लाइड तयार कशी होते ते पटकन सांगते. ऊती फॉर्मलिनमध्ये बुडवून पक्की करायची, तिच्यातलं पाणी काढायचं, मेणाच्या वडीत बसवायची आणि त्या वडीचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली तर केसाच्या पंधराव्या भागाएवढा काप! मग एच अँड ई हा रंग. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, बाकी सगळं गुलाबी. शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे आणि आजही निदानाची सुरुवात तिथूनच होते.

उंदरांत सगळ्यात जास्त दिसते ती पॉलिप. विशेषतः फिशर ३४४ या जातीत, जिथे जुन्या नोंदींप्रमाणे म्हाताऱ्या माद्यांमध्ये पाच-सात माद्यांमागे एकीला ती निघायचीच. ही गाठ अस्तरातून नळीच्या पोकळीत लोंबते, देठाला लागलेल्या फळासारखी. बाहेरून पेशींची एकच नीट रांग, आत भरावाच्या चातीसारख्या किंवा चांदणीसारख्या पेशी, मध्ये भरपूर रक्तवाहिन्या. भिंतीत ती घुसत नाही. मॅडमना ती ओळखायला दोन सेकंद लागतात.

अवघड जागा पुढे आहेत. अस्तर नुसतं जाड झालंय, ग्रंथी वाढल्यात, याला हायपरप्लेझिया म्हणतात. ही गाठ नव्हे. तेच अजून वाढून आजूबाजूच्या ऊतीला दाबणारा वेगळा गोळा झाला तर अ‍ॅडेनोमा. आणि पेशी बेढब झाल्या, केंद्रकं लहान-मोठी, गडद झाली, ग्रंथी एकमेकींना चिकटून मधला भराव नाहीसा झाला, पेशी स्नायूत घुसल्या, तर अ‍ॅडेनोकार्सिनोमा. पुस्तकात या तीन पायऱ्या आहेत. काचेवर मात्र तो उतार आहे, पायऱ्या आपण पाडलेल्या. प्रोग्रामिंगवाल्यांना कळेल असं सांगायचं तर डेटा सलग आहे आणि आपल्याला एनम भरायचा आहे. त्यातल्या त्यात सगळ्यात विश्वासाची खूण म्हणजे घुसखोरी. पेशी स्नायूच्या थरात शिरलेल्या दिसल्या की फार वाद होत नाही.

मग सोंगं घेणारे प्रकार. उंदराच्या गर्भाशयात कधीकधी मोठाल्या, बहुकोनी, कधी दोन केंद्रकांच्या पेशींचा गोळा दिसतो. नवशिक्याला घातक गाठ वाटावी असा. पण ती गरोदरपणासारखी प्रतिक्रिया असते, डेसिड्युअल म्हणतात तिला. गर्भ नसतानाही शरीर तयारीला लागलेलं असतं. दुसरं सोंग म्हणजे पाण्याने टम्म फुगलेलं गर्भाशय. माज येण्याच्या आदल्या टप्प्यात ते तसं असणं अगदी सामान्य आहे. तिसरा गोंधळ चातीसारख्या पेशींच्या घातक गाठींचा: भरावाची, स्नायूची आणि नसेच्या आवरणाची गाठ एच अँड ईवर एकमेकींच्या बहिणी दिसतात. तेव्हा अँटिबॉडी लावून रंगवतात. डेस्मिन आणि स्नायूचं अ‍ॅक्टिन रंगलं तर स्नायू, एस-१०० रंगलं तर बहुधा नस. केंद्रकांची टोकं सिगारसारखी बोथट असली तर स्नायूकडे बोट, रांगा लावून उभी असली तर नसेकडे.

आणि हे सगळं दोन देशांत दोन नावांनी लिहिलं तर? तसं व्हायचंच. म्हणून इनहँड नावाने जगभरच्या विष-पॅथॉलॉजी संस्थांनी मिळून रॅट आणि माऊससाठी एक समान शब्दसूची केली. मादीच्या प्रजनन संस्थेचा भाग २०१४ साली छापला. कुठल्या गाठीला काय म्हणायचं, कुठली लक्षणं असलीच पाहिजेत, कशाशी गल्लत होते, सगळं फोटोंसकट. आमच्या टीममध्ये एपीआयचं डॉक्युमेंटेशन कोणी इतकं नीट लिहीत नाही, हे जाता जाता.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. उंदराला गाठ झाली ती औषधामुळे झाली की तशीही झाली असती? इथे जात येते. उंदराची जात.

पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचं नाव तुम्ही २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या गूगल डूडलमुळे ऐकलं असेल. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी कर्करोगावर पीएचडी केली आणि इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. त्या केंद्रात आयसीआरसी नावाची माऊसची एक जात तयार झाली होती, जिच्यात स्तनाचा कर्करोग आपोआपच मोठ्या प्रमाणात व्हायचा. आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा त्यात किती वाटा, हे रणदिव्यांच्या कामाचं केंद्र होतं. त्यांचं काम स्तनाचं आणि माऊसचं, आजचा आपला विषय गर्भाशयाचा आणि रॅटचा. पण धडा एकच: प्राण्याची जात ठरवली की त्याच्या आजाराचा अर्धा नकाशा आधीच काढलेला असतो.

गर्भाशयाचंच घ्या. जर्मनीत वाढवलेल्या बीडी-२ जातीत पिल्लं न झालेल्या दहातल्या नऊ माद्यांना दोन वर्षांच्या आत अस्तराचा कर्करोग होतो, काहीही न देता. जपानच्या डोन्र्यू जातीतही त्याचं प्रमाण मोठं. फिशर ३४४ मध्ये मात्र तो कमी आणि सौम्य पॉलिप जास्त. आणि एकर नावाची जात आहे, १९५४ साली नॉर्वेच्या रीडार एकरने नोंदवलेली. तिच्यात टीएससी२ नावाचं जनुक जन्मतः बिघडलेलं असतं आणि सुमारे दोन-तृतीयांश माद्यांना फायब्रॉइड होतात. बाकीच्या उंदरांत फायब्रॉइड दुर्मीळ, बायकांत इतके सामान्य. म्हणून फायब्रॉइडवरच्या औषधांच्या संशोधनात एकर उंदरांना मोठा मान आहे.

जातीजातीत हा फरक का, याचं बरंचसं उत्तर म्हातारपणात आहे. तरुण उंदराचं माजाचं चक्र चार-पाच दिवसांचं. वय झालं की ते बिघडतं, पण प्रत्येक जातीत वेगळ्या तऱ्हेने. डोन्र्यू मादी लवकरच सतत माजावर राहायला लागते. म्हणजे इस्ट्रोजेन चालू आणि त्याला लगाम घालणारं प्रोजेस्टेरॉन कमी. अस्तराला ‘वाढ’ एवढाच निरोप रोज मिळत राहतो. बायकांमध्येही अस्तराच्या कर्करोगाच्या एका मोठ्या गटामागे हेच असंतुलन असतं. (पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर डॉक्टर लगेच या म्हणतात ते यासाठी. घरी कोणी ‘असू दे, उष्णता झाली असेल’ म्हणत असेल तर तुम्ही ऐकू नका.)

याच्यामुळे एक विचित्र गोष्ट घडू शकते. ब्रोमोक्रिप्टीन नावाचं औषध आहे, प्रोलॅक्टिन कमी करणारं, आपल्याकडेही मिळतं. दीर्घकाळ दिलेल्या उंदरांच्या गर्भाशयात घातक गाठी वाढलेल्या दिसल्या. घाबरण्यासारखं वाटतं ना? पण उंदराच्या अंडाशयात प्रोजेस्टेरॉनचा कारखाना प्रोलॅक्टिनवर चालतो. प्रोलॅक्टिन घटवलं की प्रोजेस्टेरॉन घटतं, इस्ट्रोजेनला मोकळं रान मिळतं. बाईच्या शरीरात हा कारखाना प्रोलॅक्टिनवर चालत नाही. म्हणून ती गाठ खरी, निदान बरोबर, पण माणसाला तिचा अर्थ लागू नाही असा निष्कर्ष निघाला आणि औषध बाजारात राहिलं. काच काय दाखवते आणि त्याचा अर्थ काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता फोनकडे येते, कबूल केल्याप्रमाणे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये ज्यांनी पीसीबी केलाय त्यांना एफआर-४ हा शब्द आठवेल. एफआर म्हणजे फ्लेम रिटार्डंट, आग धरू नये म्हणून केलेली सोय. शॉर्ट झालं तरी बोर्ड पेटत राहू नये यासाठी त्याच्या राळेत ब्रोमीनवालं एक रसायन घालतात. नाव टेट्राब्रोमोबिसफेनॉल-ए, आपण टीबीबीपीए म्हणू. जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या ब्रोमीनवाल्या अग्निरोधकांपैकी हे एक.

अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने, म्हणजे एनटीपीने, ते विस्टार हान जातीच्या उंदरांना दोन वर्षं दिलं. २०१४ साली अहवाल आला. माद्यांचे चार गट, प्रत्येकात ५०. एका गटाला नुसतं मक्याचं तेल. बाकी तिघांना त्याच तेलातून दर किलो वजनामागे २५०, ५०० आणि १,००० मिलिग्रॅम, आठवड्यातून पाच दिवस, १०५ आठवडे. मग शवविच्छेदन, स्लाइड्स, मोजणी.

गर्भाशयाचे काप नेहमीच्या पद्धतीने काढले. म्हणजे प्रत्येक शिंग गर्भाशयमुखापासून साधारण अर्धा सेंटिमीटर वर आडवं कापायचं, तिथली एक-एक चकती स्लाइडवर. डोळ्यांना वेगळी गाठ दिसली तर तीही घ्यायची. उरलेलं गर्भाशय फॉर्मलिनच्या बाटलीत. अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे आकडे आले असे: तेलवाल्या गटात ३, मग ३, ८ आणि ९. प्रत्येकी ५० पैकी.

आता तुम्ही अधिकारी आहात असं समजा आणि हे आकडे वाचा. २५० च्या गटात काहीच झालेलं नाही, तेलावरच्या गटाइतकाच आकडा. म्हणजे धोका ५०० पासून सुरू, त्याच्या खाली ठीक, असं वाटेल की नाही?

आता भेंडी. आई भेंडीची भाजी करताना गोल चकत्या करते तेव्हा अळी एखाद्या चकतीत येते किंवा येत नाही. सगळ्या चकत्या बघितल्या तरच खात्री. पण भरल्या भेंडीसाठी ती भेंडी उभी चिरते आणि अळी असेल तर लगेच दिसते, देठापासून टोकापर्यंत सगळंच उघडं असतं. लांबट नळीतून दोन चकत्या घेऊन ‘भेंडी चांगली आहे’ म्हणणं म्हणजे पहिली पद्धत, तीही दोनच चकत्यांवर.

एनटीपीच्या लोकांनी बाटल्या पुन्हा उघडल्या. अस्तरातल्या गाठी मुखाच्या जवळ, चकती जिथे घेतली त्याच्या खालीही असू शकतात, हे त्यांना दिसत होतं. मग चारही गटांतल्या प्रत्येक मादीचं उरलेलं गर्भाशय, गर्भाशयमुखासह, उभं चिरून, सगळं स्लाइडवर घेऊन पुन्हा वाचलं. दोन्ही वाचनं मिळून आकडे आले: ४, १०, १५, १६.

हे आकडे हळू वाचा. तेलाच्या गटात ३ चे ४ झाले, म्हणजे एकच नवी. २५० च्या गटात ३ चे १० झाले. नुसतं जास्त शोधलं म्हणून सगळीकडे जास्त सापडलं असतं तर तेलवाल्यांमध्येही तितकंच वाढायला हवं होतं. तसं झालं नाही. त्या सात गाठी आधीपासून तिथेच होत्या, त्या बाटलीत, दोन वर्षं वाढलेल्या. कोणाचं निदान चुकलं नव्हतं, वाचणाऱ्याने पहिल्या वेळी जे बघितलं ते बरोबरच वाचलं होतं. काचेवर त्या आल्याच नव्हत्या. यात स्त्रियांमध्येही दिसणाऱ्या मिश्र म्युलेरियन गाठींसारखे दुर्मीळ, आक्रमक प्रकारही होते.

टेस्टिंग करणाऱ्या मित्रमैत्रिणींना हे वेगळं समजवायची गरज नाही. सगळे टेस्ट हिरवे आहेत आणि अर्ध्या मॉड्यूलला एकही टेस्ट नाही.

पुढे या गाठींचा डीएनए तपासला तर टीपी५३ या जनुकातले बिघाड आपोआप झालेल्या गाठींपेक्षा टीबीबीपीएवाल्या गाठींत जास्त निघाले. हे जनुक माणसाच्या कर्करोगांतही सारखं भेटतं. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या संस्थेच्या तज्ज्ञगटाने टीबीबीपीएला २-ए गटात टाकलं, म्हणजे ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’. ब्रोमोक्रिप्टीनच्या वेळी ‘हे फक्त उंदरापुरतं’ म्हणता आलं, इथे तसं म्हणायला जागा सापडली नाही. अवयव तोच, आणि दोन उलटे निष्कर्ष, दोन्ही नीट विचार करून काढलेले.

आता लगेच फोन खिडकीतून फेकू नका. गणित करा. २५० मिलिग्रॅम दर किलोला, तर साठ किलोच्या माणसाला थेट हिशोबाने रोज १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे पावडर खावी लागेल. बोर्डातलं टीबीबीपीए बहुतेक राळेशी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं, ते हाताला लागत नाही. आणि २-ए हा शिक्का पुरावा किती पक्का ते सांगतो, तुम्हाला धोका किती ते नाही. प्रश्न आहे तो बोर्ड फोडणाऱ्यांचा. जुने फोन, चार्जर, मॉनिटर हातोडीने फोडून, तांब्यासाठी उघड्यावर जाळून ज्यांचं पोट चालतं त्यांच्या धुळीत आणि धुरात बरंच काही असतं. आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांत शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि ब्रोमीनच्या दोन कुटुंबांवर, पीबीबी आणि पीबीडीईवर, मर्यादा आहे. टीबीबीपीए त्या यादीत नाही. म्हणून जुना फोन भंगारवाल्या काकांच्या गोणीत टाकण्याऐवजी ‘स्वच्छ’ संस्थेच्या संकलनात किंवा अधिकृत केंद्रात द्या. एवढं तर वारज्यात बसूनही जमतं.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. त्या प्रयोगात माद्या दोनशे होत्या. दोन वर्षं त्यांना नळीने रसायन पाजलं. प्राण्यांवर प्रयोग करू नयेत असं तुमचं मत असेल तर ते मला समजतं, माझंही रोज एकच मत नसतं. पण प्रयोग करायचाच असेल आणि एवढ्या जिवांची किंमत मोजायची असेल, तर अवयवाच्या दोन चकत्या बघून बाकीचा बाटलीत ठेवणं मला पटत नाही. उभं चिरायला जास्त मेणाच्या वड्या लागतात, जास्त स्लाइड्स, पॅथॉलॉजिस्टचे जास्त तास. खर्च वाढतो, मान्य. पण तीच उत्तरं मिळवायला पुन्हा दोनशे उंदीर लागले तर तो खर्च कोणाचा? एनटीपीने नंतर इतर काही अभ्यासांतही उरलेलं गर्भाशय उभं चिरून वाचायला घेतलं, ते मला योग्य वाटतं.

एआयबद्दल तुम्ही कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आत्ताच सांगते. स्लाइडवर गाठ असेल तर मॉडेल ती दाखवायला छान मदत करतं. पॉलिप आणि साधं अस्तर यांत ते गोंधळत नाही. हायपरप्लेझिया आणि अ‍ॅडेनोमा यांच्या सीमेवर ते गोंधळतं, कारण तिथे ज्या माणसांनी लेबलं दिली त्यांचंच एकमत नव्हतं. म्हणून मोठ्या अभ्यासांत वादाच्या स्लाइड्स चार-पाच पॅथॉलॉजिस्टच्या गटापुढे ठेवतात. कुठला प्राणी कुठल्या गटातला हे झाकलेलं असतं आणि बहुमताने नाव ठरतं. पण काचेवर न आलेला भाग मॉडेललाही दिसत नाही, पिक्सेल कितीही द्या.

मागच्या महिन्यात मॅडमनी आमच्या व्ह्यूअरसाठी एक छोटी मागणी केली. स्लाइडच्या माहितीत प्राण्याचा नंबर, गट, रंगाची पद्धत हे सगळं दिसतं. त्यात त्यांना अजून एक रकाना हवा होता: काप आडवा की उभा, आणि शिंगाच्या कुठल्या जागेचा. “अगं, गाठ नाही असं मी लिहिते ना, तेव्हा कुठे नाही तेही दिसलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. कामाला अर्धा दिवस लागला. तो रकाना आता स्लाइडच्या नावाच्या शेजारीच दिसतो, आणि रिकामा असेल तर निदान सेव्ह होत नाही.

पुढच्या एपिसोडला फॉर्मलिनबद्दल बोलायचं ठरवलंय. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, हायवेचा आवाज चालेल.